कापसाच्या ढिगावरची प्रोदुनोवा: एका मुलीचं प्रकरण

हे प्रकरण जून 2024 पासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं आहे. मुलगी सातवीतली, वय बारा. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गाव, शाळा आणि मुलगी यांची नावं देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मी त्या शाळेत खेळ शिकवते. इतर क्रीडाशिक्षकांसाठी लिहिते आहे, कारण थोड्याफार फरकानं असं एखादं पोर प्रत्येकाच्या मैदानावर असतंच. कुणाचं दैवत क्रिकेटवाला असतो, कुणाचं आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे. हिचं दैवत होतं अगरताळ्याची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर.

घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. आई, वडील, आजी, चौथीतला भाऊ. मामा त्याच गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. शाळेत पुरलेला एक मल्लखांब, एक दोरी आणि दबून पातळ झालेल्या दोन गाद्या. जिम्नॅस्टिक्सचा पूर्ण हॉल बघायचा म्हटलं तर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. मुलगी खो-खो बरी खेळायची, दोरीच्या मल्लखांबावर त्याहून बरी. अंग लवचीक, हात मजबूत, आणि भीती जवळजवळ नाही. ही शेवटची गोष्ट पालकांना गुण वाटते. मला ती धोक्याची खूण वाटते.

दीपाचं नाव तिनं पहिल्यांदा चौथीत, परिपाठात ऐकलं होतं. तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर वर्तमानपत्रातला एक फोटो चिकटवलेला असायचा. वही बदलली की फोटोही उचकटून नव्या वहीत जायचा. मे 2024 च्या शेवटी दीपानं ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीचं, सुवर्ण घेतलं. त्या स्पर्धेत भारतीय जिम्नॅस्टला मिळालेलं ते पहिलंच सुवर्ण. बातमीबरोबर तिचा 2016 च्या रिओ ऑलिंपिकमधला जुना व्हिडिओ पुन्हा फिरायला लागला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या दुकानात बसून तिनं तो बघून बघून पाठ केला. पहिलं पाऊल कोणतं, हात कधी टेकतात, केसांची रिबन कुठल्या बाजूला उडते, सगळं.

खाज आणि गुडघा

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिच्या मानेवर आणि कोपरापर्यंत लाल पुरळ होतं. उठाबशा काढताना ती उजव्या पायावर भार टाकत नव्हती. विचारलं, तर ठरलेलं उत्तर आलं, “काही नाही मॅडम.”

पुरळ कशाचं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. घरात महिनोन्महिने भरून ठेवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते. 2022 मध्ये कापूस क्विंटलला 10,000 च्या वर गेलेला लोकांनी पाहिला होता, त्यामुळे पुढचे दोन हंगाम ‘भाव येईल’ म्हणून माल घरातच. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 7,020 रुपये आणि बाजार त्याच्याच आसपास घुटमळत होता. जून उजाडला तरी कित्येक घरांत पुढची खोली खिडकीपर्यंत पांढरी होती. पण तिच्या वर्गातल्या आणखी तिघींच्या घरात कापूस होता आणि त्यांच्या मानेवर इतकं पुरळ नव्हतं. म्हणजे ही पोरगी कापसाशेजारी झोपत नव्हती, कापसात लोळत होती.

घरी गेले. ओसरीवरून पाच-सहा पावलं धाव, पुढच्या खोलीच्या दारात धान्याची पत्र्याची कोठी, आणि कोठीपलीकडे कापूस. बायकांच्या स्पर्धेत व्हॉल्टचं टेबल 125 सेंटिमीटर उंचीचं असतं; ही कोठी जवळपास तेवढीच होती. धावत यायचं, कोठीवर हात मारायचे, पुढे कोलांटी घेत कापसात जायचं. पहिल्यांदा एक कोलांटी, पाठीवर पडायचं. मग दीड. तिचं म्हणणं, दोन व्हायला ‘थोडंसंच’ राहिलं होतं. भाऊ दाराच्या कोपऱ्यातून मोबाइलवर शूटिंग करायचा.

तिचा प्रयत्न ज्या उडीचा होता ती प्रोदुनोवा. रशियाच्या येलेना प्रोदुनोवानं 1999 मध्ये ती केली म्हणून तिचं नाव. स्प्रिंगबोर्डवरून उसळून टेबलावर हात टेकायचे, ढकलायचं, आणि हवेत पुढच्या दिशेनं दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरायचं. मागच्या दिशेनं घेतलेल्या कोलांटीत उतरण्याआधी जमीन डोळ्यांना दिसते. पुढच्या दिशेनं घेतलेल्या कोलांटीत ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दुसरी कोलांटी अर्धवट राहिली तर आधी पाठ किंवा मान खाली येते. रिओच्या वेळी या उडीची काठिण्यपातळी 7.0 होती, बायकांच्या व्हॉल्टमध्ये सगळ्यात जास्त. तोवर जगात जेमतेम पाच जणींनी ती स्पर्धेत यशस्वी केली होती. आमच्या पोरीनं ती पत्र्याच्या कोठीवर सुरू केली होती.

घरातली बैठक

वडिलांचा राग कापसावरून होता, आणि तो खोटा नव्हता.

“पोरगी काय करायली बघा मॅडम. सगळा माल तुडवून काळा केला. व्यापारी हात लावला की भाव पाडतो.”

आजीचं वेगळंच. “वयात यायली आता ती. अन् माकडावानी उड्या मारायली. उद्या काही झालं तर कोण करून घेईल हिला?”

मामा मात्र पोरीच्या बाजूनं होता, आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त अडचण मला त्याचीच झाली. भाच्यानं काढलेला व्हिडिओ त्यानं गाणं लावून टाकला होता. लोकांनी भरभरून कौतुक केलं होतं. तो म्हणाला, “दाजी, दीपा कर्माकरकडं तरी काय होतं? जुन्या स्कूटरच्या पार्टवर शिकली ती. आपली कापसावर शिकायली. साधन नाही म्हणून गप बसायचं का?”

स्कूटरच्या सुट्या भागांची गोष्ट बातम्यांमध्ये आलेली आहे. अगरताळ्यात सुरुवातीला धड साहित्य नव्हतं, जुगाडावर सराव चालायचा. मामानं ती बरोबर सांगितली, पण अर्धी. त्या जुगाडाशेजारी रोज तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी उभे असायचे. दीपा साधारण सहाव्या वर्षी जिम्नॅस्टिक्सला लागली. तिचे तळपाय सपाट होते, आणि या खेळात ती मोठीच अडचण. त्यावर लहानपणी कित्येक दिवस मेहनत झाली. 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत प्रोदुनोवा करून तिनं कांस्य घेतलं तेव्हा ती वीस वर्षांची होती. आपल्याकडे परिपाठात, शुभेच्छांच्या फलकांवर, नेत्यांच्या भाषणांत खेळाडूच्या गोष्टीतून पहिल्यांदा प्रशिक्षक गळतो आणि मग मधली वर्षं गळतात. उरते गरिबी आणि पदक. पोरांनी त्यातून गरिबी असली की पदक मिळतं असा अर्थ काढला तर त्यांना का बोलायचं?

आई सगळा वेळ चुलीपाशी होती. मी निघताना बाहेरपर्यंत आली. “मॅडम, बंद करा म्हणू नका तिला. बंद म्हणलं की ती चोरून करती.”

वडिलांनी त्या संध्याकाळी बंदच केलं. त्याच आठवड्यात कापूस विकला, मिळेल त्या भावानं. मोबाइल कपाटात गेला. पोरगी चार दिवस निमूट शाळेत आली आणि मग शेजारच्या बांधकामावर वाळूचा ढीग पडला. कापसानं निदान झेलून घेतलं होतं. वाळू झेलत नाही. जुलैच्या सुरुवातीला ती पायऱ्या एकेक पाऊल टाकत उतरायला लागली, आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर एक टणक उंचवटा हाताला लागायला लागला.

डॉक्टर

आजीनं हळदीचा लेप लावला होता, त्यानं बिघडत काही नाही. पण गावाबाहेरच्या एका माणसाकडे नेऊन पाय ‘चोळून बसवायचा’ बेत होता तो मी थांबवायला लावला. परभणीला हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. ऑसगुड-श्लॅटर. वाढीच्या वयात मांडीचे स्नायू गुडघ्याखालच्या हाडाच्या वाढत्या टोकाला सतत ओढत राहतात. पोर खूप पळत-उड्या मारत असेल तर ती जागा सुजते, दुखते, फुगते. मोडलेलं काही नाही, फाटलेलं काही नाही. उपाय म्हणजे उड्या कमी, बर्फ, मांडीच्या पुढच्या स्नायूंचं ताणणं, आणि धीर. बहुतेकांचं वाढ पूर्ण होता होता थांबतं.

वडिलांना हायसं वाटलं. मुलीला मात्र ‘उडी नाही’ एवढंच ऐकू आलं.

इथे दोन रस्ते होते. पहिला सगळ्यांच्या तोंडावर होता. तिला त्या नादातून बाहेर काढा, फोटो काढून टाका, अभ्यासाला लावा. घरच्यांचा कल तिकडे होता आणि शाळेत स्टाफरूममधल्या दोघातिघांचाही. दुसरा रस्ता उलटा होता. तिच्या दैवताबद्दल तिला कमी नाही, जास्त सांगायचं. मला दिसत होतं ते असं, की हिला दीपा कर्माकर माहीतच नाही. हिला तीन सेकंदांचा एक तुकडा माहीत आहे. माणूस डोक्यात आहे असं आपण समजतो आणि डोक्यात असते ती फक्त एक उडी. माणूस आत गेला तर कदाचित तो उडीला आवरेल, असा माझा हिशेब होता. त्याची खात्री मला नव्हती. पण आईचं वाक्य कानात होतं, आणि वाळूचा ढीग डोळ्यांसमोर.

फळ्यावरचं गणित

या प्रकरणात ज्या दिवशी काही फिरलं तो दिवस हा. पावसामुळे मैदान बंद. वर्गात बसलो होतो. मी तिला रिओच्या अंतिम फेरीचे गुण फळ्यावर लिहायला सांगितले. 14 ऑगस्ट 2016. पहिली अमेरिकेची सिमोन बाइल्स, 15.966. दुसरी रशियाची मारिया पासेका, 15.253. तिसरी स्वित्झर्लंडची जुलिया श्टाइनग्रूबर, 15.216. चौथी दीपा, 15.066. फरक 0.150. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. ‘पॉइंट एक पाचनं हुकलं’ हे तर ती मंत्रासारखं म्हणायची.

मग मी विचारलं, हे 15.066 आले कुठून?

तिला माहीत नव्हतं. बहुतेकांना माहीत नसतं. व्हॉल्टच्या अंतिम फेरीत प्रत्येकीला दोन वेगवेगळ्या उड्या माराव्या लागतात आणि दोन्हींची सरासरी धरतात. दीपाची एक उडी होती एका जपानी जिम्नॅस्टच्या नावाच्या त्सुकाहारा प्रकारातली, दोन पूर्ण गिरक्यांची. तिला मिळाले 14.866. दुसरी प्रोदुनोवा. 15.266. मी दोन्ही आकडे लिहिले आणि खडू तिच्या हातात दिला. तिनं बेरीज केली, भागाकार केला, 15.066 आले. तिचं समाधान झालं. माझी अपेक्षा इतकीच होती की दोन उड्या असतात हे तिला कळावं.

पण ती फळ्यासमोरून हलली नाही. बराच वेळ आकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, प्रोदुनोवाचे तर तिसरीपेक्षा जास्त आहेत.”

खरंच जास्त होते. 15.266 आणि कांस्यपदकाची सरासरी 15.216.

“म्हणजे प्रोदुनोवानं नाही हुकलं. दुसऱ्या उडीनं हुकलं.”

वर्गातला एक मुलगा म्हणाला, मग दुसरी कुणी बघतच नाही की. तिनं मान डोलावली. तिला स्वतःलाही त्या दुसऱ्या उडीचा व्हिडिओ आठवत नव्हता. त्यानंतर तिनं तो शोधून पाहिला.

तिचं गणित थोडं पुढे न्यायला हवं होतं, नाहीतर त्यातूनही चुकीचा अर्थ निघाला असता. प्रोदुनोवाच्या 15.266 मध्ये 7.0 नुसते काठिण्याचे होते. करण्याच्या सफाईचे 8.266. दीपा फार खोल बैठकीत उतरली होती आणि त्याचे गुण गेले. म्हणजे तिथेही शिल्लक होती. दोन्ही उड्या मिळून 0.300 अजून हवे होते, आणि ते कुठूनही येऊ शकले असते. एखादं पाऊल कमी, गुडघे जुळलेले, अंग ताठ. श्टाइनग्रूबरनं प्रोदुनोवा केली नव्हती. तिच्याकडे दोन नीट उड्या होत्या.

याचा उपयोग पुढे असा झाला. दोरीच्या मल्लखांबावर ही मुलगी जे चमकदार तेवढं करायची. वरून सुटून खाली झेप घ्यायची, टाळ्या मिळवायची. आढी, म्हणजे दोरीवरची पायांची पकड, घट्ट न करता चढायची, आसनावर थांबायचं तिथे थांबायची नाही, सलामी घाईत उरकायची. मी याबद्दल पहिल्या वर्षापासून बोलत होते. कानामागे टाकायची. आता उड्या बंद होत्या, त्यामुळे तसंही दोरीवर थांबण्याचंच काम उरलं होतं. एक दिवस मी काही न बोलता तिची सलामी बघत होते, तर तीच म्हणाली, “ही माझी त्सुकाहारा आहे.” मग तोच शब्द आमच्या मैदानावर रूढ झाला. खो-खोची पोरंसुद्धा खुंटाजवळच्या वळणाला त्सुकाहारा म्हणायला लागली, ज्याचा त्या जपानी जिम्नॅस्टच्या उडीशी काडीचा संबंध नाही. मी दुरुस्त केलं नाही.

बंदीची गोष्ट

सप्टेंबरमध्ये, प्रकरण निवळलं असं वाटत असताना, ती एकदम गप्प झाली. सरावाला यायची, करायची, निघून जायची. वहीतला फोटो नव्हता. मैत्रिणीकडून कळलं की पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मोठ्या मुलानं तिला मैदानावर चिडवलं होतं: “तुझी दीपा तर डोपवाली.”

इतकं दीपाबद्दल बोललो, पण हे मी अजून सांगितलं नव्हतं. वेळ आल्यावर सांगू असा विचार होता. वेळ त्या मुलानं आणली. मी तिला आहे तसं सांगितलं. ऑक्टोबर 2021 मध्ये स्पर्धेबाहेर घेतलेल्या नमुन्यात हिजेनामाइन नावाचं द्रव्य सापडलं. ते बंदी असलेल्या यादीत आहे. 21 महिन्यांची बंदी झाली, फेब्रुवारी 2023 मध्ये ती जाहीर झाली आणि 10 जुलै 2023 ला संपली. दीपाचं म्हणणं होतं की ते आपल्या पोटात नकळत गेलं. हे द्रव्य काही वनस्पतींमध्ये असतं, काही पूरक पावडरींमध्येही असतं, त्यामुळे नकळत जाऊ शकतं. पण नियम असा आहे की खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच.

“म्हणजे तिनं चूक केली का नाही?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, नियमानं शिक्षा झाली आणि तिनं ती पूर्ण भोगली. मनात काय होतं ते मला इथून कसं दिसणार? ताश्कंदचं सुवर्ण बंदी संपल्यानंतरचं आहे, एवढं मात्र नक्की.

तिला हे उत्तर आवडलं नाही. बारा वर्षांच्या मुलीला हो किंवा नाही हवं असतं. मीही गोड करून सांगितलं नाही. दैवत स्वच्छ ठेवायचं म्हणून गोष्ट झाकली असती, तर ती पुन्हा मैदानावरच, पुन्हा एखाद्या टवाळ पोराच्या तोंडून ऐकावी लागली असती.

त्या निमित्तानं मला वेगळ्याच मुलांशी बोलावं लागलं. भरतीची पोरं पहाटे आमच्याच मैदानावर पळतात. त्यांच्यातले निम्मे कुठल्या ना कुठल्या डब्यातली पावडर पितात; डब्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, दुकानदार म्हणतो तेच खरं. चिडवणाऱ्या मुलाला मी त्याचाच डबा आणायला सांगितला. त्यावरची घटकांची यादी त्याला वाचता आली, कळली नाही. मलाही सगळी कळली नाही. ऑलिंपिकला गेलेली बाई जिथे सापडते तिथे तू कोण, एवढंच त्याला म्हटलं. त्यानं पावडर सोडली की नाही ते माहीत नाही. चिडवणं सोडलं.

फोटो काही दिवसांनी वहीत परत दिसला. मी त्यावर काही बोलले नाही.

7 ऑक्टोबर 2024 ला दीपानं निवृत्ती जाहीर केली. मला भीती होती की हे आणखी जड जाईल. तसं झालं नाही. तिला तोवर 2017 ची गुडघ्याची शस्त्रक्रिया माहीत होती, 2018 मध्ये तुर्कस्तानात मेर्सिनला मिळालेलं सुवर्ण माहीत होतं, त्याच वर्षी जकार्ताला गुडघ्यानं पुन्हा दिलेला त्रासही माहीत होता. “तिचा गुडघा माझ्यापेक्षा लई जुना आहे,” एवढंच म्हणाली. परिपाठात बोलायला मात्र स्वतःहून उभी राहिली. भाषणात प्रोदुनोवा एका वाक्यात संपवली आणि 14.866 वर इतकी बोलली की मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं.

जे सुटलं नाही

दिवाळीनंतर गुडघा शांत झाला. उंचवटा आहे, तो राहील. डॉक्टरांनी थोड्या थोड्या उड्यांना परवानगी दिली. जिल्हा पातळीवर मल्लखांबात ती उतरली, निवड झाली नाही. सलामीचे गुण चांगले होते. एका अवघड पकडीत दोर सुटला.

पोशाखाचा प्रश्न आजीनं कधीच सोडला नाही. शेवटी आईनं गुडघ्यापर्यंतची घट्ट पँट आणि वरून बाह्यांचा टी-शर्ट असा मध्यममार्ग काढला. दोरीवर कापड जितकं जास्त तितकी पकड अवघड, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, एवढ्यावर भागवा मॅडम, नाहीतर तेवढंही बंद होईल. भागवलं.

वडील अजून अधूनमधून दहावीच्या क्रीडागुणांबद्दल आणि नोकरीतल्या 5 टक्के आरक्षणाबद्दल विचारतात. मला यात लबाडी दिसत नाही. कोरडवाहू चार एकरांवर बसलेल्या माणसानं पोरीच्या खेळात आधार शोधला तर त्याला हौशी प्रेक्षकासारखं वागायला सांगणारे आपण कोण? पण हे गुण मिळवायला कुठल्या पातळीपर्यंत खेळावं लागतं, ते मी दर वेळी पुन्हा सांगते, कारण दर वेळी ऐकून घेताना त्यांची अपेक्षा एक पायरी वर सरकलेली असते.

सगळ्यात अवघड प्रश्न तिला शहरात वसतिगृहात पाठवायचा होता. मामा त्याच्या मागे होता. खर्चाची तयारीही त्यानं दाखवली, त्याबद्दल त्याला मान द्यायला हवा. मी विरोधात होते. कलात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये मुली सहा-सात वर्षांच्या असताना सुरुवात करतात, आणि वरिष्ठ गटात सोळाव्या वर्षी उतरतात. ही तेरा पूर्ण करत होती. टेबल, बीम, बार यांतलं काहीही तिनं हाताळलेलं नव्हतं. तिला तिथे नेऊन दोन वर्षांत ‘जमत नाही’ असं ऐकवण्यापेक्षा, ज्या खेळात तिची वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासूनची मेहनत आहे तो खेळ पुढे नेणं मला शहाणपणाचं वाटलं. मल्लखांब आता खेलो इंडियामध्ये आहे, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये आला आहे. बाजीराव दुसऱ्यांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी बांधलेल्या या विद्येला पूर्वी इतकी दारं नव्हती. हे मी मुलीसमोरच सांगितलं. उशीर झाला आहे हेही, त्याच शब्दांत.

ती रडली. आई म्हणाली, हे पहिल्यांदा कुणीतरी सरळ सांगितलं. वडील म्हणाले, दहावीनंतर बघू, म्हणजे नाही. मामा माझ्यावर नाराज झाला आणि अजून थोडा आहे. त्याचं म्हणणं, तुम्ही पोरीचे पंख कापले. मला तसं वाटत नाही, पण त्याच्या जागी मीही कदाचित तसंच म्हटलं असतं.

उन्हाळ्यात त्यानं पुन्हा मोबाइल काढला. दोरीवरून सुटण्याचा तेवढा भाग घेऊ, गाणं लावू, पंधरा सेकंदांत बसेल. मुलगी म्हणाली, घ्यायचं तर सलामीपासून उतरेपर्यंत सगळं घे. मामा म्हणाला, एवढं लांब कोण बघतंय. तिनं दोरीला माती लावली आणि म्हणाली, मग नको काढू.